जावई, बोट दाखवा
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(पडदा उघडतो. नगर–मनमाड रस्त्यावर राहुरीच्या अलीकडचं एक ट्रॅक्टरचं गॅरेज. स्टूल, पान्यांची पेटी, मागं भिंतीला ठोकलेला एक दणकट खिळा. त्याला फॅन बेल्ट, किल्ल्यांचा जुडगा. मिस्त्री फडक्याला हात पुसत येतो. फडकं हातापेक्षा काळं आहे.)

नमस्कार मंडळी! हात मिळवला असता, पण तुमचे कपडे स्वच्छ दिसतायत.

पुढच्या रांगेतले पाव्हणे, जरा दोन्ही हात वर करा. घाबरू नका, पोलीस नाही मी. वर... अजून... हां. बोटं पसरा. एक, दोन, तीन! पुष्कराज, पोवळं, आणि ही काळी? घोड्याच्या नालेची. शिंगणापूरला घेतली ना? काय काम करता? बँकेत? मग चालतंय. बँकेत आपलं बोट कशात अडकत नाही. दुसऱ्याचं अडकतं.

आमच्या गॅरेजात मी दोन बोर्ड लावलेत. एक, ‘उधारी बंद’. दुसरा, ‘अंगठी काढून आत या’. पहिला बोर्ड आजवर कोणी वाचलेला नाही. दुसरा सगळे वाचतात आणि विचारतात, “मिस्त्री, चप्पल पण काढायची का?”

आवं, मंदिर नाही हे. देवळात चूक झाली तर देव माफ करतो. बॅटरी करत नाही.

(पेटीतून पाना काढतो.)

आता ट्रॅक्टरची बॅटरी. बारा व्होल्ट. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे सगळ्या पोरांना माहीत असतं, त्यामुळं ती तिच्याशी चुलतभावासारखी वागतात. पान्याचं एक टोक प्लसच्या नटावर, पाना मुठीत, मुठीत अंगठी, आणि अंगठी टेकली बॉडीला. झालं! प्लस टू पाना, पाना टू अंगठी, अंगठी टू बॉडी. व्होल्ट बारा असले तरी अँपियर शेकड्यानं सुटतात. आणि सोनं विजेला अडवत नाही हो. चांदी, तांबं, आणि तिसरा नंबर सोन्याचाच. डोळ्याचं पातं लवायच्या आत अंगठी तापते आणि बोट असतं तिच्या आत. तुम्ही म्हणाल, लगेच काढून फेकायची. कशानं? दुसऱ्या हातानं? म्हणजे मग दोन्ही हातांना मलम.

दुसरी गोष्ट ट्रॉलीची. उसाची ट्रॉली रिकामी झाली की वरचा माणूस खाली कसा येतो? शिडी असते का? छ्या! फाळक्याला हात टेकून उडी. सगळेच मारतात. मी पण मारायचो. त्या फाळक्याच्या हुकात अंगठी अडकली तर माणूस खाली येतो... आणि बोट वर राहतं. निदान बोटाचं कातडं तरी. हातमोजा उतरावा तसं उतरतं. मग डॉक्टर बिचारे सूक्ष्मदर्शक लावून दोऱ्याएवढ्या रक्तवाहिन्या शिवत बसतात.

(प्रेक्षकांकडं बघत.) का? गप का झाला? आत्ता तर टाळ्या वाजवत होता. ...वाजवा, वाजवा, पण बोट सांभाळून.

तर हे सगळं मला माहीत. मिस्त्री आहे मी. पण मी मिस्त्री असण्याआधी अजून एक काहीतरी आहे.

(छाती पुढं काढून) जावई.

आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, नेवाश्याकडचे बागायतदार. ऊस, कांदा, चार जर्सी गाया, आणि एक जावई. गाया दूध देतात, म्हणून गायांवर जास्त जीव. पण अधिक महिना आला की माझी पाळी. धोंड्याचा महिना! पंचांगवाले म्हणतात, चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ती तूट भरायला दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा घालतात. सगळं खोटं. ती जावयाच्या तपासणीची तारीख आहे. गाडीचं पासिंग असतं ना, तसलं.

2023 ला अधिक श्रावण होता. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, आणि वर मामांनी काढली ती पाच ग्रॅमची अंगठी. 916 चा शिक्का. आतल्या बाजूला सहा अक्षर-आकड्यांचा बारीक नंबर, भिंगाशिवाय दिसत नाही. मामांनी भिंग पण आणलं होतं. माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, (मामांच्या घोगऱ्या आवाजात) “जावई, ह्यो नंबर सरकारी हाये. हारवली तर तिकडं कळतं.”

कुठं कळतं? दिल्लीला? तिथं कोणी साहेब उठून म्हणणार आहे का, राहुरीच्या मिस्त्रीचं बोट मोकळं दिसतंय?

त्या दिवसापासून मामा भेटले की ‘राम राम’ नाही, ‘पाणी पडलं का’ नाही. पहिलं वाक्य, “जावई, बोट दाखवा.” मी दाखवतो. मतदान करून आल्यासारखं. (बोट वर करून हसतो.) लग्नात असो, मयतीत असो. मयतीत तर मी खांदा दिलेला, दोन्ही हात गुंतलेले, आणि मामा मागून येऊन माझी बोटं मोजतायत.

आता मला सांगा, आपल्या लग्नात अंगठी आलीच कुठून? सप्तपदी आहे, लाह्यांचा होम आहे, मंगळसूत्र आहे, जोडवी आहेत, बूट पळवणं सुद्धा आहे! जावयाच्या बोटाला आपल्याकडं मंत्रच नाही. ती साखरपुड्याच्या दारानं घुसली आणि फोटोग्राफरनं तिला बसवून घेतलं. “नवरदेव, बोट जरा वर... वहिनी, हसा...”

ऊसतोडीत बघा. पाथर्डी, शेवगाव, पलीकडं बीड. तिकडून टोळ्या येतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी! 1950 ला आपल्या प्रवरेला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या जिल्ह्यात किती कोयते राबले असतील! त्यांचं लग्न झालंय याची खूण अंगठी नाही. कोयता. तो हरवत पण नाही, सैल पण होत नाही, आणि सासरा दाखवा म्हणाला तर... (कोयता उगारल्याचा अभिनय) दाखवता येतो.

पण माझं लग्न पाच ग्रॅमवर आलेलं. दिवसा ती बोटात ठेवता येत नाही, आणि काढली तर ठेवायची कुठं? मंडळी, जगात हा प्रश्न एकट्यालाच नीट सुटला. त्याला मी रोज सकाळी गॅरेज उघडताना हात जोडतो.

(हात जोडतो.) मारुतीराय!

विचार करा. कामाचं स्वरूप बघा! अंगमेहनत. समुद्र ओलांडायचा, वन मोडायचं, राक्षस झोडायचे. आणि बरोबर काय दिलं? मालकाची अंगठी. दुसरा कोणी असता तर ऐटीत बोटात घातली असती, आणि पहिल्याच झाडाला बोट अडकलं असतं. त्यानं काय केलं? तुलसीदास सांगतात, तोंडात धरली! सरळ समुद्रापार. आख्ख्या पुराणात अंगठी काम सांभाळून सुखरूप पोचवणारा एकच गडी निघाला, आणि तो ब्रह्मचारी.

(थांबून) लग्न झालेल्यांचं बघायचंय? शकुंतला.

सगळे म्हणतात दुर्वासाचा शाप. कसला शाप? मी मिस्त्री आहे, मला विचारा. साइज चुकला होता! राजाच्या बोटातली अंगठी, तिच्या बोटाला ढिली. तिनं शचीतीर्थाला पाण्यात हात घातला आणि सटकली. अंगठीला खालून दोरा गुंडाळला असता तर कालिदासाला पुढचे अंक सुचलेच नसते. आणि 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं, म्हणजे आपली मराठी संगीत रंगभूमी सुरूच झाली एका बाईच्या ढिल्या अंगठीवर! आणि न्याय बघा. अंगठी ज्या कोळ्याला माशात सापडली, त्याला शिपायांनी बदडला. जिची हरवली, तिला नवऱ्यानं ओळख दाखवली नाही. आणि ज्यानं माप न घेता दिली, तो राजाच.

मामांनी पण माप घेतलं नव्हतं.

म्हणून मी आधी दोरा गुंडाळला. पांढरा दोरा. दुपारपर्यंत काळा झाला, संध्याकाळी त्यात ग्रीस, ग्रीसवर लोखंडाचा किस. पोराला चमच्यानं भात भरवायला बसलो तर पोरगं माझ्या बोटाकडं बघून म्हणालं, “बाबा, ऑइल चेंज करा.”

मग तंबाखूच्या डबीत ठेवली. डबी माझी, पण तंबाखू गावाची! कोणी पण येतो, “मिस्त्री, काढा जरा,” आणि बोट घालतो. त्या अंगठीनं आठवड्यात जितकी माणसं बघितली तितकी मी आयुष्यात बघितली नाहीत. एकदा एका आमदारांच्या ड्रायव्हरनं चिमटीत चुना, तंबाखू आणि अंगठी, तिन्ही घेऊन मळायला सुरुवात केली. जोरात मळत होता हो! शेवटी मलाच म्हणाला, “मिस्त्री, चुन्यात खडा आहे.” म्हणलं, आहे. पाच ग्रॅमचा.

मग वरच्या खिशात. खिशातली अंगठी, मंडळी, मिस्त्री वाकेपर्यंतच खिशात असते. माझं सगळं कामच वाकून. गेली गिअरबॉक्समध्ये! नट पडला असता तर काडीला चुंबक लावून क्षणात उचलला असता. सोन्याला चुंबकाची ओळखच नाही. गिअरबॉक्समध्ये फिरवतोय, फिरवतोय, चुंबकाला चिकटून काय काय आलं! वायसर आलं, स्प्लिट पिन आली, मागच्या मिस्त्रीचा हरवलेला स्क्रू ड्रायव्हरचा तुकडा आला. अंगठी नाही. शेवटी सगळं ऑइल काढलं, फडक्यानं गाळलं, अंगठी निघाली. ट्रॅक्टरवाला खूश. म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही फुकटात ऑइल बदलून देता का?”

आणि नुसती हरवत नाही, झिजते पण! सोनं मऊ. पान्याला घासलं की जातं. सराफाकडं गेलो तर काट्यावर ठेवून तो म्हणाला, “घट आहे.” मामांसमोर हा शब्द काढू नका म्हणलं. सराफ गल्लीत झारेकरी असतात, माहितीये? दुकानांपुढची धूळ झाडून नेतात, धुतात, त्यातून सोन्याचा कण काढतात. मी म्हणलं एखादा झारेकरी गॅरेजात पण आणावा. त्यानं माझी धूळ बघितली असती आणि म्हणाला असता, “मिस्त्री, यात डिझेल लागतंय.”

आता कोणी म्हणेल, शिंगणापूरला ठेवा. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, शनिदेव राखतो. बरोबर आहे. 2011 साली तिथं युको बँकेनं शाखा काढली, ती पण ‘बिनकुलपाची’ म्हणून. पण गावात आलेल्या भक्ताला आपली चप्पल कुठं सोडली ते सापडेना झालंय. माझी अंगठी कुठं सापडणार?

(पुढच्या रांगेकडं वळून.) तुमची नालेची अंगठी मात्र चुंबकाला येते हं! तेवढा एक शनीचा फायदा. पण यंत्राला सोनं-लोखंड कळत नाही. आमच्याकडं एक गिऱ्हाईक येतं, पाची बोटं भरलेली. म्हणलं, काढा. म्हणाला, “ज्योतिषानं सांगितलंय, गुरू काढायचा नाही.” म्हणलं, गुरू काढला तर साडेसाती, ठेवला तर कडबाकुट्टी. तुम्ही ठरवा, मी चहा सांगतो.

आणि काहींची तर निघतच नाही! लग्नात घातली तेव्हा कंबर अट्ठावीस, आता चाळीस, बोट पण त्याच हिशोबानं. असा एकजण ग्राइंडर मारा म्हणून आला. ग्राइंडर! बोटावर! मी आमच्या हिच्याकडनं शिवणाचा दोरा मागवला. दोऱ्याचं टोक अंगठीखालून आत सारायचं. उरलेला दोरा अंगठीपासून नखाकडं, पेर झाकेपर्यंत, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळायचा. मग आत सारलेलं टोक धरून उलगडत जायचं. अंगठी एकेक वेढा चढत बाहेर. त्याला वाटलं जादू. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “मिस्त्री, बारा वर्षांनी सुटलो.” बायको शेजारीच उभी होती. मग त्यानं, “म्हणजे बोट, बोट,” असं दोनदा म्हणलं.

(स्टुलावर बसतो.)

मधे मेहुणा आला. शिकलेला. मोबाइलवरनं रबराची अंगठी मागवली होती त्यानं. सिलिकॉन. म्हणाला, “दाजी, ही घाला, अडकली की तुटते, बोट वाचतं.” मला पटली. खरंच चांगली वस्तू आहे हो! फक्त माझ्या गॅरेजात तिच्या सारख्या दिसणाऱ्या दीडशे वस्तू आहेत. ओ-रिंग म्हणतात. हायड्रॉलिक पंपात बसते. दुसऱ्या दिवशी हाताखालच्या पोरानं माझं लग्न एका रोटाव्हेटरवाल्याच्या ट्रॅक्टरला बसवून दिलं. पळतोय ट्रॅक्टर अजून. थेंबभर गळती नाही!

मग मी खरीखुरी ओ-रिंगच घालून बसलो. मामा आले. “जावई, बोट दाखवा.” दाखवलं. मामांनी बघितलं. जवळून बघितलं. ताणून बघितलं. सोडलं. (फट्!) आणि हिच्याकडं वळून म्हणाले, “पोरी, ह्याला काय गॅसच्या शेगडीशी लगीन लावून दिलं व्हतं का मी?”

(उठतो.) माझी आजी म्हणायची, डाग अंगावर पाहिजे तर गोंदून घ्या. तिच्या हातावर तुळस होती, कपाळावर ठिपका, मनगटावर बारीक नक्षी. चोर नेत नाही, पतसंस्थेत जात नाही, मेल्यावर पण बरोबर येतं. मी मामांना विचारलं, बोटाला सोनेरी गोंदून घेऊ का? मामा म्हणाले, घ्या. आणि खाली सरकारी नंबर पण गोंदा.

पण डाग सांभाळायचा म्हणजे काय, ते आपल्याच जिल्ह्यात एका बैलानं दाखवलंय. विनोद नाही हां हा, पेपरात आलेलं. 2019 चा पोळा, संगमनेर तालुका. पोळ्याला बैलाला ओवाळताना सोन्याचा डाग त्याच्या कपाळाला टेकवायची रीत असते. ताटात पुरणपोळी, शेजारी मंगळसूत्र. नेमकी लाईट गेली. बाई उजेड आणायला आत गेली. परत येऊन बघते तर ताटात पोळी नाही. आणि मंगळसूत्र पण नाही.

बैल उभा. (शांतपणे रवंथ करतो.) चेहऱ्यावर काही नाही. राजकारणात असता तर लांब गेला असता.

मालकानं तोंडात हात घालून बघितला. काही नाही. लाखाच्या वरचा डाग! मग आख्खं घर आठ दिवस बैलाच्या मागं. बैल चालला की घर चाललं. बैल थांबला की घर थांबलं. बैलानं शेपटी उचलली की... (सगळे एकदम पुढं झुकल्याचा अभिनय) शेणात लक्ष्मी असते असं आपण म्हणतो. त्या घरानं ती मुठी-मुठीनं चाचपून बघितली. नाही आली. जनावराच्या पोटात जाळीपोट असतं, जड वस्तू तिथं जाऊन बसते. तार-खिळा खाणाऱ्या गाईला डॉक्टर चुंबक गिळायला देतात, लोखंड त्याला धरून राहतं. इथं चुंबक काय करणार? शेवटी डॉक्टरनं यंत्र फिरवून जागा हुडकली, बैल आडवा केला, पोट उघडलं आणि मंगळसूत्र बाहेर. बैल पण वाचला.

ही बातमी आमच्या हिनं मोठ्यानं वाचून दाखवली होती. आणि पेपर खाली ठेवून मला विचारलं, “तुम्ही गिऱ्हाइकाला अंगठी काढायला लावता. मला कधी म्हणलात, कुट्टी करताना गळ्यातलं काढ?”

(पॉज.)

आता बघा. गॅरेजात कडबाकुट्टीची पाती लावायला बाया येतात. हातभर बांगड्या, पदर खांद्यावरनं लोंबतोय, गळ्यात पोत, आणि वाकून एका हातानं कडबा आत सारायचा. सरकारनं फॅक्टरी अ‍ॅक्ट केला 1948 ला, चालत्या यंत्राजवळ अंगाबरोबरचे कपडे घाला म्हणून. मळणी यंत्रात हात जायला लागले तेव्हा 1983 ला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला. कायदे झाले हो! पण कडबाकुट्टी असते गोठ्यात. गोठ्याला फॅक्टरी कोण म्हणतो? आणि गड्याच्या बोटात दोन ग्रॅम असलं तर आम्ही बोर्ड लावतो. बाईच्या गळ्यातलं यंत्रात लोंबत असलं तरी कोणी ‘काढ’ म्हणत नाही. म्हणायला जीभ रेटत नाही.

मी पण म्हणलो नव्हतो. मग म्हणलं. “काढत जा बाई.”

ती म्हणाली, “ठेवू कुठं?”

(प्रेक्षकांकडं बघत खिळ्याकडं बोट दाखवतो.) मिस्त्रीचं कपाट. म्हणलं, इथं अडकव. किल्ल्यांच्या शेजारी. नजरेसमोर राहील.

पुढं माझ्या अंगठीचा प्रश्न पण सुटला. आमच्या आज्याची युक्ती. (शर्टावरून कमरेला थोपटतो.) करदोडा! काळा, पीळदार, पंढरपूरचा. त्यात तावीज, त्याच्या शेजारी अंगठी ओवून निरगाठ. पडत नाही, अडकत नाही, बॅटरीला टेकत नाही, झिजत नाही. चोराला सुचत नाही. सुचलं तरी हिंमत होत नाही. एकच वांधा. कोणी ‘दाखवा’ म्हणलं तर दाखवायची पंचाईत!

तर परवा काय झालं. यंदा 2026, अधिक ज्येष्ठ, 17 मेपासून धोंडा लागलेला. मामा आवतण घेऊन येणार होते, दिवस नक्की नव्हता. दुपारचं ऊन असं की पाना उचलला तर पान्यानंच आपल्याला सोडावं. मी एका ट्रॅक्टरखाली सरकलो. खाली गार फरशी. दोन नट खोलले आणि तिसऱ्याला डोळा लागला. बाहेर फक्त पाय. (आडवा होतो. पाय प्रेक्षकांकडं, अंगठे वर.)

हिनं गळ्यातलं काढलं, खिळ्याला लावलं, आणि मागं गोठ्यात कुट्टी चालू केली. घर्रर्र.

(उठून, आईच्या चालीनं, डोक्यावर डबा धरून.) आई दळण घेऊन आली. डबा उतरवला. कपाळ पुसलं. वर बघितलं. खिळा. खिळ्याला... सुनेचं मंगळसूत्र. खाली बघितलं. ट्रॅक्टर. ट्रॅक्टरखाली... दोन पाय.

आईनं बेरीज केली.

(किंकाळी.) “आरं माझ्या सोन्याऽऽऽ!”

मला स्वप्नात वाटलं मामा आले, सोन्याबद्दल विचारतायत. मी अजून गाढ झोपलो.

कुट्टी थांबली. ही डोक्यावर कडब्याचा भुसा घेऊन पळत आली. आईनं तिला मिठी मारली, “पोरी, काय गं झालं हे!” हिला वाटलं, आईंना माझ्याआधी काहीतरी कळलंय. हिनं पायांकडं बघितलं, हिनं पण सूर लावला! समोरचा चहावाला आला, वेल्डिंगवाला आला, रसवंतीवाला आला, मोटरसायकलवाले थांबले, एसटी हळू झाली. एक तर येऊन म्हणाला, “चांगला होता. फक्त पैसे जास्त लावायचा.” मी ते ऐकलं! झोपेत पण ते वाक्य मला ऐकू येतं.

मग आले तात्या. तात्या म्हणजे गावातलं पहिलं बोलावणं. कुठं मयत झाली की तात्या पुढं, सगळा विधी पाठ. तात्यांनी गर्दी हटवली. “रडू नंतर. आधी बाहेर ओढा.” चौघांनी पाय धरले आणि सर्रकन ओढला. तात्यांनी शर्ट वर केला. माणूस गेला की करदोडा तोडतात, माहीत असेल तुम्हाला. तात्यांनी हात मागं केला, कोणीतरी हातात विळा दिला.

मी डोळे उघडले. वर आभाळ, आभाळात चाळीस तोंडं. कमरेशी विळा. विळ्यामागं तात्या.

मी म्हणलं, “तात्या?”

तात्या कामात होते. म्हणाले, “हलू नकोस, तुटत आलाय.”

(ओरडून उठून बसतो.) गर्दी जी पांगली! वेल्डिंगवाला थेट डांबरी रस्त्याच्या पलीकडं. रसवंतीवाल्यानं घुंगरू सोडून दिलं. आईनं आधी मला कुरवाळलं, मग एक ठेवून दिली, मग हिच्याकडं वळली. “खिळ्याला अडकवायची वस्तू हाये का ती?” ही म्हणाली, “मग यंत्रात अडकवू?” आई गप्प झाली. म्हणाली, “आम्ही जन्मभर मळणी केली. वाटी चोळीत सारायची, वरनं पिन लावायची, पदर कमरेला घट्ट खोचायचा. भाषणं न्हाई दिली कधी.” आणि आपल्याच पदराची पिन काढून तिनं हिच्या हातात ठेवली.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

(घोगऱ्या आवाजात) “काय गर्दी हाये?”

मामा! फेटा, हातात ताट, ताटावर रुमाल. मामांनी पळणारी माणसं बघितली. मुलीचा मोकळा गळा बघितला. जमिनीवर बसलेला जावई बघितला. जिवंत. त्यांना आनंद झाला असणार, पण तो त्यांनी आत ठेवला. पुढं आले. वाकले.

“जावई. बोट दाखवा.”

(हळूहळू मोकळं बोट वर करतो.)

“अंगठी?”

“आहे, मामा.”

“कुठं हाये?”

“आहे... अंगावरच आहे.”

“मग दाखवा की.”

समोर आई, ही, दोन चुलत्या, भाजीवाल्या मावशी, आणि एसटीतल्या बाया खिडकीतून. मी काय दाखवणार? मी कमरेला हात लावला, तर कमरेला काहीच नाही!

तात्यांनी मूठ उघडली. मुठीत काळा करदोडा. तुटलेला. त्यात तावीज आणि पाच ग्रॅम.

“ही घ्या पाव्हणं.”

मामांनी ताट खाली ठेवलं. अंगठी दोन्ही हातांनी घेतली. सोनं म्हणजे लक्ष्मी! मामांनी ती आधी उजव्या डोळ्याला लावली. मग डाव्या डोळ्याला. मग कपाळाला. मग ओठांना लावून माथ्याला टेकवली. आणि डोळे मिटूनच मला विचारलं,

“जावई... होती कुठं?”

(अंधार.)